सीव्ही लिहितानाच मुलाखतीची तयारी: ठाणे-नवी मुंबईत नोकरी शोधणाऱ्यांसाठी

मुलाखत घेणारा बहुतेक वेळा तुमचा सीव्ही तुम्ही समोर बसल्यावरच पहिल्यांदा नीट वाचतो. हातात पेन, नजर कागदावर, आणि जी ओळ डोळ्यांत भरेल तिच्यावर पहिला प्रश्न. म्हणजे प्रश्नपत्रिका तुम्हीच घरून तयार करून नेलेली असते. त्यामुळे ज्या ओळीवर दोन मिनिटं सलग बोलता येणार नाही ती सीव्हीत नको, आणि ज्या कामाबद्दल विचारलं जावं असं वाटतं ते सीव्हीत ठळक दिसलंच पाहिजे. खालच्या सगळ्या सूचना याच हिशेबाने दिल्या आहेत.

आधी जाहिराती वाचा

एकच सीव्ही शंभर ठिकाणी टाकायचा आणि फोनची वाट बघत बसायचं, ही सर्वांत सामान्य चूक. तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या आठ-दहा जाहिराती काढा आणि कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते कागदावर उतरवा. वागळे इस्टेट किंवा महापेतल्या अकाउंट्सच्या जागेसाठी टॅली प्राइम, जीएसटीआर-१, जीएसटीआर-३बी, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन हे शब्द येतील. न्हावा शेवा बंदराशी जोडलेल्या कस्टम्स क्लिअरिंगच्या ऑफिसात शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, आइसगेट, सीएफएस. तळोजा किंवा टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यात बॅच रेकॉर्ड, फाइव्ह-एस, तिन्ही शिफ्टची तयारी. ऐरोलीतल्या बीपीओत व्हॉइस की चॅट प्रोसेस, रोटेशनल शिफ्ट. यातलं जे तुम्ही खरोखर केलं आहे ते जाहिरातीतल्याच शब्दांत सीव्हीत यायला हवं, कारण रिक्रूटर आणि त्याचं सॉफ्टवेअर दोघेही तेच शब्द शोधतात. न केलेलं काम मात्र केवळ शब्द जुळतो म्हणून घुसडू नका. ते पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं.

इकडच्या भागात एक चाळणी उघड सांगितली जात नाही: अंतर. डोंबिवलीत राहणाऱ्याने तळोज्याच्या पहिल्या शिफ्टसाठी अर्ज केला की एचआरच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो, की सकाळी सातला हा पोचणार कसा? सीव्हीवर इमारत आणि फ्लॅट नंबर नको, पण ‘कळवा, ठाणे’ किंवा ‘कोपरखैरणे, नवी मुंबई’ एवढं जरूर लिहा. कल्याणहून ऐरोलीला जायचं तर ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स-हार्बर धरणार, रात्रपाळीला कंपनीची गाडी आहे का ते विचारून घेणार, इतका ठोस विचार आधीच करून ठेवा. ‘मॅनेज करेन’ या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही.

कागदाची मांडणी

सात-आठ वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान पुरतं, त्याहून जास्त असेल तर दोन. तिसरं पान सहसा कोणी उलटत नाही. कॅलिब्री किंवा एरियल, अक्षरांचा आकार साडेदहा ते अकरा, नाव सोळा, चारही बाजूंना सुमारे दोन सेंटीमीटर मोकळी जागा. वर्डमध्ये बनवा, पाठवताना पीडीएफ करा, फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्या. ‘न्यू सीव्ही फायनल २’ नावाच्या फायली एचआरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आधीच ढिगाने पडलेल्या असतात.

सगळ्यांत वर नाव, एक मोबाइल नंबर, नावावरून बनवलेला ईमेल, राहण्याचा भाग, आणि असल्यास लिंक्डइनचा पत्ता. सायबर कॅफेत मिळणाऱ्या जुन्या नमुन्यांमध्ये अजूनही वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, फोटो आणि शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ अशी प्रतिज्ञा असते. हे सगळं काढून टाका. सरकारी अर्जाचा नमुना वेगळा, तिथे मागतील ते द्यावं. खासगी कंपनीच्या सीव्हीला याची गरज नाही. आधार किंवा पॅन नंबर तर चुकूनही छापू नका. तुमचा सीव्ही कितीतरी अनोळखी हातांतून फिरतो, आणि हे दोन नंबर हाती लागले की त्यांचा गैरवापर करणारे टपलेलेच असतात.

नावाखाली दोन-तीन ओळींत तुम्ही कोण, किती वर्षांचा अनुभव, कशात हात बसलेला आहे. ‘आव्हानात्मक वातावरणात स्वतःचा विकास साधण्याची इच्छा’ छापाचं ऑब्जेक्टिव्ह वाचणारा सरळ ओलांडून जातो. मग अनुभव, ताजा आधी. नंतर कौशल्यं, शिक्षण, सर्टिफिकेट. फ्रेशरने शिक्षण आणि प्रोजेक्ट वर घ्यावेत.

दोन रकान्यांचे रंगीत तयार टेम्प्लेट दिसायला छान असतात, पण मोठ्या कंपन्या सीव्ही आधी सॉफ्टवेअरने वाचून घेतात. त्या सॉफ्टवेअरला टेबल, टेक्स्ट बॉक्स आणि चित्रातला मजकूर नीट वाचता येईलच असं नाही. पानाच्या हेडरमध्ये टाकलेला फोन नंबरही कधीकधी गळतो. तपासायची सोपी पद्धत अशी: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे ओळी उलटसुलट झाल्या किंवा काहीच उमटलं नाही, तर यंत्रालाही तसंच दिसणार. आणि ‘एक्सेल ८० टक्के’ दाखवणाऱ्या पट्ट्या काढा. ऐंशी टक्के म्हणजे नेमकं काय येतं? त्याऐवजी ‘पिव्होट टेबल, व्हीलुकअप, कंडिशनल फॉरमॅटिंग’ असं लिहिलं की बोलायला विषय मिळतो.

अनुभवाच्या ओळी

सगळा खेळ इथे आहे, म्हणून वेळ इथेच घालवा. प्रत्येक ओळीत तीन गोष्टी हव्यात: काय केलं, किती केलं, त्याने काय झालं. ‘अकाउंट्सचं सगळं काम पाहिलं’ ही ओळ खोटी नाही, पण त्यातून काही कळत नाही. तीच अशी लिहून बघा: ‘दरमहा सुमारे २५० खरेदी-विक्री व्हाउचर टॅली प्राइममध्ये नोंदवले, जीएसटीआर-१ दर ११ तारखेच्या आणि जीएसटीआर-३बी २० तारखेच्या आत भरलं, तीन बँक खात्यांचं मासिक रिकन्सिलिएशन केलं.’ सीव्ही इंग्रजीतच पाठवायचा असतो, पण आधी मराठीत असं नेमकं लिहून घेतलं की इंग्रजी वाक्य आपोआप आटोपशीर होतं.

आता या ओळीवर कोणता प्रश्न येईल? ‘जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी क्रेडिटची यादी) आणि खरेदी रजिस्टर जुळलं नाही तर काय करता?’ हे काम खरंच केलेला माणूस सांगेल: सप्लायरने त्याच्या रिटर्नमध्ये बिल टाकलं नसेल तर ते २बीत दिसत नाही आणि आपलं क्रेडिट अडकतं, म्हणून २बी आलं की एक्सेलमध्ये जीएसटी नंबर आणि बिल नंबर जुळवायचे, राहिलेल्या बिलांची यादी सप्लायरला पाठवायची, आणि नुसता बिल नंबर लिहिण्यातला फरक असेल तर तो वेगळा काढायचा. एवढं सांगता आलं की समोरच्याची खात्री पटते. सांगता येत नसेल, तर ‘जीएसटी रिटर्न भरले’ ऐवजी ‘जीएसटी रिटर्नसाठी डेटा तयार केला’ असं लिहा. ते खरं असेल आणि टिकेल.

आकडे कुठून आणायचे, असं बरेच जण विचारतात. रोजचं काम मोजा आणि महिन्याच्या कामाच्या दिवसांनी गुणा: किती बिलं, किती कॉल, एका शिफ्टमध्ये किती कंटेनरचे कागद, हाताखाली किती माणसं. अंदाज असेल तर ‘सुमारे’ लिहा. मात्र ‘कार्यक्षमता ४० टक्के वाढवली’ असल्या टक्केवारीपासून लांब राहा, कारण लगेच विचारतील: आधी किती होती, मोजली कशी, तुमचा वाटा कोणता? कारखान्यातल्या सुपरवायझरची चांगली ओळ अशी असते: ‘१८ कामगार आणि दोन पॅकिंग लाइन सांभाळल्या, लेबल बदलण्याचा वेळ ४५ मिनिटांवरून ३० मिनिटांवर आणला.’ आणि मुलाखतीत पुढचं वाक्य तयार: पुढच्या बॅचची लेबलं आणि हत्यारं लाइन थांबण्याआधीच ट्रॉलीवर लावून ठेवायला सुरुवात केली.

फ्रेशर मुलांची अडचण वेगळी. बीकॉम, बीएमएस किंवा बीएस्सी आयटीच्या प्रोजेक्टवर चौघांची नावं असतात आणि चौघेही सीव्हीत सगळं स्वतःच केल्यासारखं लिहितात. तुमचा भाग सांगा: डेटाबेसची टेबलं मी बनवली, लॉगिनचं पान मित्राने. सोसायटीच्या मुलांच्या शिकवण्या, वडिलांच्या दुकानाचा स्टॉक, गणेशोत्सव मंडळाचं खजिनदारपद, हेसुद्धा अनुभवात बसतं, अर्थात आकड्यासकट. वर्गणीच्या पावत्या, खर्चाची व्हाउचर आणि शेवटी हिशेब मांडणं हे बरंचसं अकाउंट्सचंच काम आहे. मात्र फक्त ‘मंडळाचा सक्रिय कार्यकर्ता’ लिहून काही साधत नाही. केटी लागली होती (विषय राहिला होता) पण सुटली, तर ती सीव्हीत लिहायची गरज नाही. विचारलं तर लपवायचं नाही.

एमपीएससीच्या तयारीत गेलेली दोन-तीन वर्षं हा आपल्याकडचा नेहमीचा खड्डा. तो तारखा गाळून बुजवू नका. ‘स्पर्धा परीक्षांची तयारी, जून २०२२ ते मे २०२४’ अशी सरळ ओळ टाका, पूर्वपरीक्षा पास झाला असाल तर तेही. पुढचा प्रश्न ठरलेला: ‘पुन्हा परीक्षा देणार का?’ याचं स्वतःशी खरं उत्तर ठरवल्याशिवाय अर्ज पाठवू नका. बाळंतपण, आजारपण, घरातल्यांची सेवा यासाठी सुटलेल्या वर्षांनाही एक ओळ पुरे. त्या काळात काही कोर्स केला असेल तर तो जोडा.

तारखांबद्दल विशेष काळजी घ्या. पीएफ असलेल्या नोकऱ्यांच्या रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा यूएएन खात्यात (पीएफच्या तुमच्या कायमच्या नंबराच्या ऑनलाइन खात्यात) दिसतात, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करणारी एजन्सी त्या तपासते. सीव्हीत मार्च, तिथे जानेवारी, मध्ये दोन महिन्यांची लपवलेली नोकरी: यावरून हातात आलेली ऑफर परत गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. सीव्ही लिहायला बसण्याआधी ईपीएफओच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्ट्री उघडून समोर ठेवा.

पाठवणं आणि पहिला फोन

नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर पसंतीच्या ठिकाणात नुसतं ‘मुंबई’ ठेवू नका, ‘ठाणे’ आणि ‘नवी मुंबई’ही निवडा, रिक्रूटर ठिकाण, अनुभव, नोटीस पीरियड आणि अपेक्षित पगार लावूनच यादी गाळतात. आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून काहीतरी अद्ययावत करा, कारण अलीकडे सक्रिय असलेल्यांचीच यादी मागवता येते. ईमेलमध्ये चार ओळी पुरतात: कोणतं पद, किती अनुभव, कुठे राहता, कधी रुजू होऊ शकता.

रिक्रूटरचा पाच मिनिटांचा फोन हीच पहिली फेरी. तो नेमका तुम्ही भरलेल्या लोकलमध्ये असताना येणार. गर्दीत अर्धवट ऐकू येत असताना उत्तरं देण्यापेक्षा ‘प्रवासात आहे, साडेसातला करू का?’ असं विचारा आणि ठरल्या वेळी स्वतः करा. सध्याचा पगार, नोटीस पीरियड आणि मुलाखतीसाठी मोकळे दिवस, हे तिन्ही तोंडपाठ असावेत.

कोणत्याही टप्प्यावर पैसे मागितले, मग ते रजिस्ट्रेशन असो, युनिफॉर्म, लॅपटॉपचं डिपॉझिट की ट्रेनिंग फी, तिथेच थांबा. मोठ्या कंपनीचं नाव आणि साध्या जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर दिसलं तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करून खात्री करा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

मुलाखतीची तयारी

दोन संध्याकाळी द्या. पहिल्या दिवशी कंपनी काय विकते, कोणाला विकते, तुमचं पद त्यात कुठे बसतं हे समजून घ्या आणि सीव्हीतल्या प्रत्येक ओळीसमोर एक खरा प्रसंग लिहा: चिडलेला ग्राहक, हातून झालेली चूक, अंगावर आलेली डेडलाइन, वरिष्ठांशी मतभेद, नव्याने शिकलेलं काम. प्रत्येक प्रसंग चार पायऱ्यांत सांगायचा: परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, शेवट काय झाला. बहुतेक लोक पहिल्या पायरीवरच तीन मिनिटं घालवतात आणि ‘मी काय केलं’ हे एका वाक्यात उरकतात. प्रमाण उलटं ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकायला लाज वाटते, पण ‘आय मीन’ आणि ‘बेसिकली’ किती वेळा येतं ते तेव्हाच कळतं.

‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला दीड मिनिट. घरी कोण कोण आहे, वडील काय करतात, छंद कोणते, हे इथे नको. आत्ता काय करता, त्याआधी काय केलं, आणि ही जागा का हवी, या क्रमाने जा. बोलणं अशा गोष्टीवर संपवा की पुढचा प्रश्न तुमच्या सर्वांत भक्कम कामावर येईल.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते आणि त्यावर उपाय म्हणून उत्तरं पाठ केली जातात. पाठ केलेलं उत्तर मधला एक शब्द विसरला की कोसळतं. वाक्यं पाठ करू नका, मुद्दे लक्षात ठेवा, आठ-दहा शब्दांची छोटी वाक्यं बोला. प्रश्न कळला नाही तर तो पुन्हा सांगायला सांगण्यात कमीपणा नाही. मुलाखत ज्या भाषेत सुरू झाली ती धरा. एखादी तांत्रिक गोष्ट अडली तर परवानगी घेऊन तेवढी हिंदीत किंवा मराठीत सांगा. अकाउंट्स, स्टोअर्स, प्रॉडक्शनमध्ये हे बहुधा चालतं. इंग्रजी व्हॉइस प्रोसेसला मात्र पळवाट नाही, तिथे बोलणं हेच काम आहे.

ऑफिसच्या जागांसाठी एक्सेलची छोटी टेस्ट जवळजवळ ठरलेली. व्हीलुकअपमध्ये शेवटी फॉल्स टाकायला विसरलं की चुकीची उत्तरं येतात आणि ती चूक नजरेलाही पडत नाही. सगळं बरोबर असूनही एन/ए येत असेल तर बहुधा नावामागे मोकळी जागा राहिलेली असते, किंवा एका शीटमध्ये आकडा आणि दुसरीत तोच आकडा टेक्स्ट म्हणून असतो. ट्रिम आणि व्हॅल्यू या फंक्शनने ते सुटतं. अडलात तर काय तपासत आहात हे मोठ्याने सांगा. परीक्षक उत्तराइतकंच तेही पाहत असतो.

‘नोकरी का सोडता?’ याला जुन्या साहेबांची उणीदुणी काढू नका; नवीन ठिकाणी काय मिळेल जे तिथे मिळत नाही, ते बोला. एखादी गोष्ट येत नसेल तर ‘हे मी केलेलं नाही, पण याच्या जवळचं हे केलं आहे’ हे उत्तर चालतं. शेवटी ‘काही विचारायचंय?’ म्हणतील तेव्हा पहिल्या तीन महिन्यांत या पदाकडून काय अपेक्षा आहे, आणि ही जागा नवीन आहे की कोणी सोडल्याने रिकामी झाली, हे दोन प्रश्न पुरेसे. दुसऱ्याचं उत्तर कान देऊन ऐका.

त्या दिवशी

ऐरोलीच्या माइंडस्पेससारख्या आयटी पार्कात गेटवर नोंद, ओळखपत्र, पास यातच वीस मिनिटं जाऊ शकतात आणि इमारती अनेक असतात. बिल्डिंग नंबर, मजला आणि बोलावणाऱ्याचं नाव आदल्या दिवशीच विचारून ठेवा. अर्धा तास आधी गेटवर असा. रविवारचा वॉक-इन असेल तर मेगाब्लॉक पाहून निघा. सीव्हीच्या तीन प्रती, ओळखपत्र, मार्कशीट, शेवटच्या तीन सॅलरी स्लिप, आणि पावसाळ्यात सगळं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. मूळ कागद दाखवा, ठेवायला देऊ नका. इस्त्रीचा साधा शर्ट किंवा कुर्ता आणि स्वच्छ बूट. याहून जास्त विचार कपड्यांवर नको.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, खिडकी समोर, पाठीमागे नाही. वायफाय गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट लगेच चालू करता यायला हवा. घरच्यांना कुकरची वेळ सांगून ठेवा.

पगाराची बोलणी

सीटीसीला, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाला, बाराने भागून हातात येणारा पगार काढणं ही महागात पडणारी चूक. समजा वर्षाला ४,२०,००० सांगितले. त्यात ३०,००० व्हेरिएबल (कामगिरीनुसार मिळणारा, दरमहा हातात न येणारा भाग), कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिन्याला १,८०० म्हणजे वर्षाला २१,६००, महिना १७,५०० बेसिकवर ४.८१ टक्क्यांनी ग्रॅच्युइटी सुमारे १०,१००, मेडिक्लेमचा हप्ता ६,००० असं धरलं, तर उरतात ३,५२,३००. म्हणजे महिना सुमारे २९,३५८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० वजा केल्यावर हातात साधारण २७,३५८. डोक्यात होते ३५,०००. पीएफची ही रक्कम १५,००० च्या मर्यादेवर धरली आहे. कंपनी पूर्ण बेसिकवर कापत असेल तर दोन्हीकडचा आकडा वाढतो आणि हातातलं आणखी कमी होतं. म्हणून ‘इन-हँड किती, व्हेरिएबल किती आणि ते कधी मिळतं’ हे विचारून ब्रेकअप ईमेलवर मागा. स्वतःची अपेक्षा सांगताना एकच आकडा न देता लहानसा पल्ला द्या, पण त्याचं खालचं टोक तुम्हाला खरोखर चालणारं असू द्या, कारण तेच धरलं जाईल.

पदाचं नाव, पगार, ठिकाण आणि रुजू होण्याची तारीख असलेलं लेखी ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. राजीनामा ईमेलने द्या, शेवटचा दिवस त्यात लिहा आणि नोटीस पीरियड ३०, ६० की ९० दिवसांचा आहे ते जुन्या नेमणूकपत्रात आधी पाहा. निघताना रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या महिन्याची स्लिप आणि फुल अँड फायनलचा हिशेब घ्या. महिना-दोन महिन्यांनी यूएएन खात्यात जुन्या कंपनीने एक्झिटची तारीख भरली आहे का ते बघा. ती रिकामी राहिली की पीएफ ट्रान्सफर अडकतो आणि पुढच्या व्हेरिफिकेशनमध्ये तुम्ही एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरीला दिसता.